घडी मोडलेली चित्रं : ब्योबू, व्हिसलर, बोनार आणि पॅरिसचे पडदे

शेवंती

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात फ्रेंच चित्रकार पिएर बोनारची चार उभी चित्रं आहेत, 'बागेतल्या स्त्रिया'. प्रत्येक चित्र साधारण १६० सेंमी उंच आणि जेमतेम ४८ सेंमी रुंद. प्रत्येकात एक बाई. एकीचा झगा पांढऱ्या ठिपक्यांचा, एक मांजराबरोबर बसलेली, एकीच्या खांद्यावर केप, चौथीचा झगा चौकटीचा. १८९०-९१ मध्ये बोनारने ही चित्रं घडीच्या पडद्यासाठी (जमिनीवर नागमोडी उभा राहणारा, जपानीत 'ब्योबू') काढायला घेतली होती. पुढे त्यानेच बेत बदलला. पडदा न करता चार सुटी चित्रं म्हणून ती १८९१ च्या 'सालों दे झँदेपाँदाँ' या प्रदर्शनात मांडली.

जपानचा युरोपीय कलेवरचा प्रभाव म्हटलं की बगळे, बांबू, पंखे आणि किमोनो यांची यादी ठरलेली असते. मला तो भाग सगळ्यात वरवरचा वाटतो. निदान पडद्यांच्या बाबतीत तरी जपानने युरोपला दिलं ते वेगळंच: घडी हा चित्राचाच भाग मानणं, आणि मोठी जागा मोकळी सोडण्याचं धाडस. पुस्तकात किंवा भिंतीवर सपाट केलेल्या पडद्यात नेमकं हेच दिसत नाही, म्हणून हा धागा.

आधी ब्योबूची रचना. आपल्याकडे दवाखान्यात तपासणीच्या टेबलापाशी लोखंडी चौकटीचा तीन भागांचा पडदा असतो. त्याची प्रत्येक चौकट वेगळी असते, मध्ये बिजागरी आणि फट. जपानमध्येही फार जुने पडदे असेच होते. प्रत्येक पॅनेलला कापडाची किनार आणि पॅनेलं दोरीने किंवा चामड्याच्या पट्टीने एकमेकांना बांधलेली. चौदाव्या शतकाच्या सुमारास तिथल्या कारागिरांनी कागदाची बिजागरी वापरायला सुरुवात केली. कागदाच्या पट्ट्या एकाआड एक पुढून आणि मागून चिकटवायच्या. मग पॅनेल दोन्ही बाजूंना वळतं आणि फट जवळजवळ उरतच नाही. मधल्या किनारी गेल्या आणि सहाही पॅनेलांवर एकच चित्र सलग पसरायला मोकळं झालं. असे सहा पॅनेलांचे पडदे बहुतेक जोडीने करत. ते उजवीकडून डावीकडे पाहायचे, तेही जमिनीवर बसून आणि अंधुक उजेडात. त्या उजेडात सोन्याचा वर्ख प्रत्येक घडीवर वेगळा चमकतो.

जपानी चित्रकार ओगाता कोरिनचे आयरिसच्या फुलांचे पडदे (अठराव्या शतकाचा अगदी आरंभ, आता टोकियोच्या नेझू संग्रहालयात) आठवून पाहा. सोनेरी जमीन, हिरवी पाती, निळी फुलं, बस्स. पाणी नाही, पूल नाही, माणूस नाही. फुलांचे काही झुबके साचा वापरून पुन्हा काढले आहेत. पडदा उलगडून सपाट केला तर ही पुनरावृत्ती कळते. नागमोडी उभा केला की काही झुबके पुढे येतात, काही आत जातात, आणि एकच साचा दोन ठिकाणी वेगळा दिसतो. कोरिनने घडी गृहीत धरूनच रचना केली आहे, याबद्दल मला शंका नाही.

१८५४ नंतर जपानची बंदरं हळूहळू उघडली, १८५८ मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनशी व्यापारी करार झाले, १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात जपानने अधिकृत भाग घेतला. १८७१ मध्ये मेइजी सरकारने सरंजामी प्रांत बरखास्त केल्यावर जुन्या घराण्यांच्या चीजवस्तूही बाजारात आल्या. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दुभाषा म्हणून आलेले हायाशी तादामासा तिथेच राहिले आणि जपानी कलावस्तूंचे नावाजलेले व्यापारी झाले. पॅरिसमध्ये जपानी कलावस्तू विकणाऱ्या सिगफ्रिड बिंग यांच्या दुकानाबद्दल तर स्वतंत्र धागा काढावा लागेल.

आता व्हिसलर, लंडनमध्ये राहणारा अमेरिकन चित्रकार. १८६४ च्या 'सोनेरी पडदा' या चित्रात किमोनो घातलेली बाई जमिनीवर बसून जपानी चित्रकार हिरोशिगेचे छापे (लाकडी ठशांनी छापलेली चित्रं) बघते आहे आणि तिच्यामागे जपानी पडदा उभा आहे. इथे पडदा म्हणजे नुसतं सामान, पाठीमागची हौस. पण १८७१-७२ मध्ये त्याने स्वतः दोन पॅनेलांचा पडदा रंगवला: निळा आणि रुपेरी, त्यावर लंडनचा जुना बॅटरसी पूल. हा आता ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. पुलाचा एकच खांब, तोही वरून खालपर्यंत जवळजवळ सगळी उंची व्यापणारा. बाकी निळी नदी, सोनेरी चंद्र, दूरवर चर्चचा मनोरा. लंडनमधला पूल हिरोशिगेच्या पुलासारखा खालून आणि जवळून पाहिलाय. बगळा नाही की बांबू नाही. सात-आठ वर्षांत व्हिसलर पडदा 'दाखवण्या'कडून पडद्याच्या रीतीने 'विचार करण्या'कडे आला. पडदा जहाजमालक फ्रेडरिक लेलँडसाठी करायला घेतला होता, पण व्हिसलरने तो स्वतःपाशीच ठेवला. का ठेवला असेल, ते चित्राकडे पाहिलं की कळतं.

आणि बोनार. त्याचा १८८९ चा तीन पॅनेलांचा पडदा, करकोचा आणि चार बेडूक, लाल रंगवलेल्या सुती कापडावर. तो अजून जपानी विषयातच अडकलेला आहे. 'बागेतल्या स्त्रिया' ही पुढची पायरी. आणि मग 'दायांची फेरी, वर भाड्याच्या गाड्यांची पट्टी' (दाया म्हणजे मुलं सांभाळणाऱ्या बायका). १८९४ मध्ये आईला लिहिलेल्या पत्रात त्याने या पडद्याचं वर्णन केलंय: प्लास द ला काँकॉर्डचा चौक, मुलांना घेऊन चाललेली तरुण आई, दाया, कुत्री, वर किनारीसारखी घोडागाड्यांची रांग, आणि सगळं फिक्या मातकट जमिनीवर, धूळ उडाली की तो चौक छोट्या सहारासारखा दिसतो तसं. पुढे त्याची रंगीत शिळाछाप आवृत्ती निघाली, सुमारे ११० प्रतींची. मला हा पडदा सगळ्या युरोपीय पडद्यांमध्ये श्रेष्ठ वाटतो. चार पॅनेलांवर मिळून निम्म्याहून जास्त जागा रिकामी आहे, आणि त्या रिकामेपणातच पॅरिसचा तो सगळा चौक आलाय.

काजळमाया

सुंदर! बोनारच्या पडद्याचं चित्र शोधून पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

एक प्रश्न. या मंडळींनी खरे, उत्तम ब्योबू पाहिले किती? तेव्हा पॅरिसमध्ये येणारे पडदे बरेचसे निर्यातीसाठी बनवलेले भरतकामाचे असत ना? मग घडीची समज आली कुठून?

शेवंती

@काजळमाया, अगदी कळीचा प्रश्न. निर्यातीचा रेशमी भरतकामाचा माल खूप येत होता, आणि त्यात मोर-बगळे ठासून भरलेले. त्यातून कुणी शिकण्यासारखं थोडंच होतं. माझ्या मते बोनारच्या पिढीला पडदा शिकवला तो पडद्यांपेक्षा छापील चित्रांनी. १८९० च्या एप्रिल-मे मध्ये पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत बिंग यांनी जपानी छाप्यांचं प्रदर्शन भरवलं, ७०० हून अधिक छापे. 'बागेतल्या स्त्रिया' त्यानंतरच्या महिन्यांतली आहे. शिवाय क्रेप कागदावरचे स्वस्त जपानी छापे बोनार स्वतः विकत घेऊन भिंतींवर लावायचा.

जपानमध्ये घराच्या खांबावर लावायचे छापे असत, 'हाशिरा-ए'. उंची साधारण ७० सेंमी आणि रुंदी १२-१३ सेंमी. एवढ्या चिंचोळ्या जागेत उभी बाई बसवायची म्हणजे झग्याचा घोळ किंवा कोपर कडेला कापलं जाणारच. कोर्युसाई, कियोनागा यांनी या अडचणीचं सोनं केलं. बोनारच्या चारही बायका अशाच पिळदार वळलेल्या आणि कडेला कापलेल्या आहेत. तीन-तीन कागदांवर पसरणारे छापेही होतेच. त्यात प्रत्येक कागद स्वतंत्र उभा राहतो आणि तिन्ही जोडले की सलग देखावा होतो. पडद्याची अडचण नेमकी हीच असते.

पेठेतला_वाचक

लेख माहितीपूर्ण आहे, पण मुद्दा मला पूर्ण पटला नाही. घडीचा पडदा युरोपला जपानने दिला नाही. सतराव्या शतकापासून चिनी लाखेचे मोठे पडदे युरोपात जात होते. आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या बंदरांतून ते जहाजांवर चढत, म्हणून त्यांना 'कोरोमंडल पडदे' म्हणतात. बारा बारा पॅनेलं आणि त्यांवर राजवाड्याचा किंवा शिकारीचा सलग देखावा. मग सलगपणा जपानी कसा?

शेवंती

@पेठेतला_वाचक, कोरोमंडल पडद्यांवरचा देखावा सलग असतो, बरोबर. पण तो घडीला जुमानत नाही. जड लाकडी फळ्यांवर लाखेत कोरलेलं काम, माणसं आणि इमारती काठोकाठ, आणि चहूबाजूंनी फुलदाण्यांची रुंद किनार. बारापैकी कुठलंही पॅनेल पुढे-मागे झालं तरी त्या चित्राचं काही बिघडत नाही. म्हणूनच युरोपातल्या सुतारांनी हे पडदे बिनदिक्कत कापले आणि त्यांचे तुकडे कपाटांच्या दारांना जडवले. कधी कधी तर देखावा जुळतोय का हेही पाहिलं नाही.

कोरिनचे आयरिस असे कापून बघा. काहीच हाती लागत नाही, कारण तिथे दोन झुबक्यांमधलं अंतर हाच चित्राचा गाभा आहे. बोनारच्या 'दायां'चंही तेच. त्यामुळे माझा मुद्दा सलगपणाचा नाही. मोकळी जागा आणि घडी यांचं जे नातं आहे, ते युरोपने जपानकडून घेतलं, असं माझं म्हणणं आहे.

पेठेतला_वाचक

कपाटांना जडवल्याचं उदाहरण चपखल आहे. मोकळ्या जागेचा मुद्दा मान्य. तरी फ्रेंच राजवाड्यांतल्या पॅनेल-सजावटीची परंपराही या तरुणांच्या डोळ्यांपुढे होती, तिला बाजूला सारू नये.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. व्हिसलरच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी जपानी पडदे गोव्यावरून युरोपला गेले होते, ही गोष्ट या धाग्यात यायलाच हवी.

ओदा नोबुनागा या बलाढ्य जपानी सरदाराने आपल्या अझुची किल्ल्याचं आणि गावाचं चित्र असलेले पडदे जेझुइट धर्मगुरू आलेस्सांद्रो वालिन्यानो यांना दिले. १५८२ च्या फेब्रुवारीत चार जपानी मुलगे दूत म्हणून, हे पडदे घेऊन, वालिन्यानोंबरोबर नागासाकीहून निघाले. ते मकाववरून गोव्यात आले. वालिन्यानो इथेच राहिले आणि मुलं पुढे १५८४ मध्ये लिस्बनला आणि १५८५ च्या मार्चमध्ये रोमला पोचली. पडदे पोप तेरावे ग्रेगरी यांना भेट दिले गेले. मुलं वाटेत असतानाच नोबुनागा मारला गेला आणि किल्लाही जळाला. पुढे पडदेही हरवले, आजवर सापडलेले नाहीत. किल्ला कसा होता हे दाखवणारा सगळ्यात मोठा पुरावा त्यांच्याबरोबर गेला. ती मुलं परतताना १५८७ मध्ये पुन्हा गोव्यात थांबली होती.

आणि उलटा प्रवासही आहे. जपानी चित्रकारांनी पोर्तुगीज जहाजांचे पडदे काढले, त्यांना 'नानबान' पडदे म्हणतात. कानो नाइझेनची जोडी कोबे शहराच्या संग्रहालयात आहे. उजव्या पडद्यावर जहाज जपानला लागतंय, डाव्या पडद्यावर ते परक्या बंदरातून निघतंय. ते बंदर गोवा असावं असं मानणारे अभ्यासक आहेत. तिथे हत्ती आहेत आणि इमारती मात्र चिनी वळणाच्या. चित्रकाराने गोवा पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं. माझ्या गावच्या बंदराची कुणीतरी क्योतोच्या बाजूला बसून सोन्याच्या वर्खावर कल्पना केली, याचं मला अतोनात अप्रूप आहे.

काजळमाया

@मांडवीकाठ, हे काहीच माहीत नव्हतं. पण मग प्रश्न पडतो: १५८५ मध्ये रोमच्या चित्रकारांवर त्या पडद्यांचा परिणाम का नाही झाला?

शेवंती

@मांडवीकाठ, मनापासून आभार. या प्रतिसादाने धाग्याचं वजन वाढलं.

@काजळमाया, १५८५ चा इटालियन चित्रकार दृष्टिरेषांच्या गणितावर खूष होता. चित्र म्हणजे खिडकी आणि खिडकीतून खोलवर दिसणारं जग, ही त्याची कमाई होती आणि ती सोडायचं त्याला काही कारण नव्हतं. १८८८ मध्ये पॅरिसच्या अकादेमी ज्युलियाँ या कलाशाळेतल्या बोनारसारख्या ज्या तरुणांनी 'नाबी' हा गट केला, त्यांना त्याच खिडकीत गुदमरायला होत होतं. सोनेरी चौकटीतलं, ईझलवर काढून दिवाणखान्यात टांगायचं चित्र त्यांना नको होतं. त्यांना भिंत, वॉलपेपर, पोस्टर, पंखा आणि पडदा हवा होता. प्रदर्शनात लांबून पाहायचं नाही, घरात वापरायचं चित्र. जपानी छापा हाती पडला तेव्हा त्यांना हवं होतं ते आधीच कुणीतरी करून ठेवलेलं सापडलं. समीक्षक फेनेओंने बोनारला 'फार जपानी नाबी' अशा अर्थाचं टोपणनाव दिलं, ते काही उगाच नाही. त्याच गटातल्या मोरिस दनीनेही १८९६ च्या सुमारास पारव्यांचा चार पॅनेलांचा पडदा केला, पण त्याच्यावर इटालियन भित्तिचित्रांची छाया जास्त आहे.

सुईदोरा

माझं क्षेत्र कापड, म्हणून कापडाबद्दल. बोनारच्या चौकटीच्या झग्याकडे नीट पाहा. बाई वळलीय, पण चौकटी वळलेल्या नाहीत! जणू कापड सपाट पसरून त्यातून बाईचा आकार कापलाय. कापड अंगावर पडलं की रेषा वाकतात, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. त्याने ते मुद्दाम टाळलंय. जपानी छाप्यांत किमोनोची नक्षी अशीच चुण्यांना न जुमानता सपाट येते.

मात्र नाबी गटातल्याच व्हुईयारचं सगळं श्रेय जपानला देऊ नका. त्याची आई घरीच शिवणकाम करून घ्यायची, कॉर्सेटचा व्यवसाय होता. ठिपके, फुलं, पट्टे यांच्या गठ्ठ्यांतच तो वाढला. त्याच्या चित्रांत बाई आणि वॉलपेपर एकमेकांत मिसळतात, ते मला घरातून आलेलं वाटतं. जपानी छाप्यांनी त्याला एवढंच सांगितलं असेल की जे रोज दिसतंय तेच काढायला हरकत नाही.

शेवंती

@सुईदोरा, चौकटींबद्दल इतकं नेमकं मला लिहिता आलं नसतं. आणि व्हुईयारबद्दल शंभर टक्के सहमत.

फळा_खडू

शाळेत चित्रकला शिकवतो. धागा वाचून आठवीच्या वर्गात एक प्रयोग केला. कोरिनच्या आयरिसचा मोठा रंगीत प्रिंट कार्डशीटवर चिकटवला, पाच घड्या घालून सहा पॅनेलं केली आणि टेबलावर नागमोडी उभा केला. मुलांना जमिनीवर बसवलं, खिडक्या बंद करून बाजूने एकच दिवा लावला.

दोन गोष्टी मुलांनी आपणहून सांगितल्या. एक, डावीकडून आणि उजवीकडून पाहिलं तर वेगळी चित्रं दिसतात, कारण प्रत्येक बाजूने एकाआड एकच पॅनेल समोर येतं. दुसरी, घडी जास्त मिटली की फुलं दाटतात आणि उघडली की विरळ होतात. म्हणजे चित्र किती दाट हे मांडणाराही ठरवतो! हे मी पुस्तकात कधी वाचलं नव्हतं. एका मुलीने विचारलं, मग संग्रहालयात तो किती अंशांत ठेवतात? मला उत्तर देता आलं नाही.

बोनारचा पडदाही असा करून पाहायचाय. कशी घडी घालू?

शेवंती

@फळा_खडू, किती छान केलंत! त्या मुलीला शाबासकी सांगा. नेमक्या अंशाचा नियम मला माहीत नाही, पण इतकं नक्की की पडदा स्वतःच्या पायांवर उभा राहायला हवा. फार उघडला तर पडतो, फार मिटला तर चित्र हरवतं. चित्रकाराला या दोहोंमधली जागा धरूनच रचना करावी लागते.

बोनारसाठी 'दायांची फेरी' घ्या. चार पॅनेलं असल्यामुळे तीनच घड्या येतील, इंग्रजी 'डब्ल्यू'सारख्या. वरच्या गाड्यांच्या पट्टीकडे मुलांचं लक्ष वेधा. सपाट असताना ती सरळ रांग असते, घडी घातली की चौकाच्या कडेने वळत गेलेली दिसते. मग खालच्या चाक फिरवणाऱ्या मुलांकडे पाहा. मध्ये काहीही काढलेलं नाही, जमिनीची रेषासुद्धा नाही, तरी अंतर कळतं. आणि नंतर 'बागेतल्या स्त्रिया' तशाच उभ्या करा. बोनारने सुट्या केलेल्या चौघी पुन्हा एका पडद्यात आल्यावर एकमेकींकडे वळतात की पाठ फिरवतात, हे मुलांनाच ठरवू द्या. त्यांचं मत इथे जरूर लिहा.

पेठेतला_वाचक

१९०० नंतर हे थांबलं का?

शेवंती

थांबलं नाही, पण दोन वाटा झाल्या. व्हुईयारने १९११ मध्ये मार्गरेट चॅपिन या अमेरिकन बाईंसाठी पाच पॅनेलांचा 'प्लास व्हँतिमीय' केला. आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारा चौक, सरसात कालवलेल्या रंगांत. तो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि पडदा म्हणूनच आहे, सुटा केलेला नाही. दुसरी वाट चित्राची नाही, पडदा ज्यापासून बनतो त्या सामग्रीची. सुगावारा सेइझो हे लाखकाम करणारे जपानी कारागीर पॅरिसमध्ये होते. त्यांच्याकडून आयरिश कलावंत आयलीन ग्रे लाखेचं काम शिकली आणि १९१३ च्या सुमारास तिने लाल लाखेचा चार पॅनेलांचा 'नियती' हा पडदा केला. फॅशन डिझायनर झाक दूसेने तो विकत घेतला. व्हिसलर आणि बोनार छापे पाहून शिकले होते. ग्रेने कारागिराच्या शेजारी बसून, थरावर थर चढवत शिकून घेतलं. तिच्या लाखकामावर वेगळा धागा काढते.